कच्चं काम

गेल्या आठवड्यात इथं परदेशात एमएफएच्या, म्हणजे फाइन आर्ट्सच्या मास्टर्स डिग्रीच्या, शेवटच्या वर्षाच्या ९ मुलामुलींचं ग्रुप एक्झिबिशन बघितलं, विषय होता अनिश्चितता आणि व्हल्नरेबिलिटी, म्हणजे आपल्याला इजा होऊ शकते हे न लपवणं, आणि त्याचे फोटो आमच्या जुन्या आर्ट कॉलेजच्या ग्रुपवर टाकले तर तेव्हापासून वाद थांबलेला नाही. "फिनिशिंग कुठंय?" "ड्रॉइंग येत नाही की असले विषय घेतात." "कच्चं काम आहे सगळं, याला डिग्री कशी देतात?"

कच्चं हा शब्द डोक्यातून जाईना, कारण मला सगळ्यात आवडलेलं काम खरोखरच कच्चं होतं. एका मुलीनं चाकावर वीसेक भांडी काढून ती भट्टीत न घालता तशीच मांडली होती आणि वरून सलाइनच्या नळ्यांमधून थेंब थेंब पाणी. न भाजलेली माती पाणी पिते, मऊ पडते, मग एखादी कड सुटते आणि भांडं खाली बसतं. मी गेले तोवर ७ बसली होती, आठव्याच्या काठाला चीर गेलेली, आणि आम्ही चार अनोळखी माणसं त्या चिरेकडे बघत कितीतरी वेळ उभे होतो, कुणी बोललं नाही की मोबाइल काढला नाही. नंतर तिला विचारलं याचं पुढं काय करणार, तर म्हणाली, वाळवणार, भिजवणार, मळणार आणि परत वापरणार, भाजली असती तर हे जमलं नसतं. यात स्किल नाही म्हणणाऱ्यांनी वीस भांडी एकसारख्या जाडीची काढून दाखवावीत, मी मनापासून सांगतेय.

व्हल्नरेबिलिटीला आपण पटकन हळवेपणा म्हणतो नाहीतर कमकुवतपणा, आणि दोन्ही चुकतं. आपलं काम कोसळू शकतं हे माहीत असूनही ते लोकांसमोर ठेवायचं, त्याला काय म्हणायचं? शिल्पकार ईव्हा हेसनं लेटेक्समध्ये, म्हणजे एक प्रकारच्या रबरात, शिल्पं केली, ते टिकणार नाही याची तिला कल्पना होती, १९७० मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी ती गेली आणि आज त्यातली बरीच कामं तपकिरी पडून ठिसूळ झालीयत. आणि हे काही फक्त परदेशी खूळ नाही. चित्रकार नसरीन मोहमदी बडोद्याच्या आर्ट कॉलेजात शिकवायच्या, आजारानं शरीरावरचा ताबा सुटत चालला होता तरी त्यांची रेघ बघा, केवढी नेमकी. त्या रेघेला हळवी म्हणायची कुणाची हिंमत होईल?

पण त्याच बडोद्यात मे २००७ मध्ये एका विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या डिस्प्लेवर बाहेरची माणसं घुसली, पोलिसांनी विद्यार्थ्यालाच उचललं आणि त्याच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या प्रभारी डीनना, शिवाजी पणिक्करांना, विद्यापीठानं निलंबित केलं. परीक्षेसाठी मांडलेलं काम होतं ते! आपल्याकडची मुलं सेफ खेळतात, तेच निसर्गचित्र तेच पोर्ट्रेट करतात, अशी तक्रार ग्रुपवर करणाऱ्यांनी हेही आठवावं.

इथलं सगळंच छान आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. एका भिंतीवर एका मुलानं डायरीची पानं लावली होती, घरातली भांडणं, औषधांची नावं, सगळं, आणि बोलताना तो मला म्हणाला की क्रिटमध्ये, म्हणजे शिक्षक कामावर चर्चा करतात त्या तासात, त्याला सारखं ऐकवलं जात होतं, अजून पर्सनल जा, अजून. मला ते वाचवेना. मातीवाली मुलगी स्वतःबद्दल एक अक्षर सांगत नाही आणि तरी आपल्याला आत कुठंतरी लागतं, याच्याकडून मात्र जखम मागून घेतली. शिकवणाऱ्यांनी असं मागू नये, थीम कितीही चांगली असली तरी. त्यात बाहेरून शिकायला आलेल्या मुलांना डिग्रीनंतर व्हिसाचं काय होणार हेच माहीत नसतं, त्यांना अनिश्चितता वेगळी शोधायला लागत नाही.

आमच्या वेळी ज्युरी यायची, कामासमोर एखादा मिनिट थांबायची, मार्क टाकून पुढं. मी एक कॅनव्हास मुद्दाम अर्धा ठेवला होता, तर "पूर्ण करून आण" एवढंच ऐकलं, का ठेवलायस असं कुणी विचारलं नाही आणि मीही घाबरून तो रात्रीत भरून टाकला, अजून त्याचं वाईट वाटतं. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला यंदा ज्युरीवर बोलावलंय. तिला मी काल फोन करून एवढंच सांगितलं, बाई गं, प्रत्येक मुलासमोर दहा मिनिटं तरी थांब आणि काम अर्धवट दिसलं तर आधी विचार की इथं का थांबलास. ती म्हणाली साठ मुलं आहेत, वेळ कुठून आणू. मग दोन दिवस मागून घे, म्हटलं.