गणवेशातलं औषध ‘चरबीत साठतं’ म्हणणाऱ्यांना

नागपूर-कामठीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मिलिटरीच्या कपड्यात डास मारायचं विष असतं. ते चरबीत साठतं, जाड माणसाच्या अंगातून कधीच निघत नाही. यवतमाळचे शेतकरी याच विषाने मेले. सीताबर्डीवरून मिलिटरीची पँट घेऊ नका.’

विष असतं, हे काही गणवेशांपुरतं खरं. अमेरिकी लष्कर कारखान्यातच कापडात परमेथ्रिन हे कीटकनाशक मुरवून घेतं, चौरस सेंटीमीटरला साधारण 0.125 मिलिग्रॅम. सीताबर्डीच्या फुटपाथवरचा चितकबरा प्रिंट म्हणजे ते कापड नव्हे.

चरबीत वर्षानुवर्षं साठणं ही डीडीटीची खोड, ती इथे उसनी आणलीय. परमेथ्रिनही चरबीत विरघळतं, पण यकृत त्याचे तुकडे करतं आणि बहुतेक काही दिवसांत लघवीवाटे जातात. जवानांच्या अंगात किती गेलं, हे त्या तुकड्यांवरूनच मोजतात. जर्मन लष्करातल्या अशाच तपासणीत रोजचं शोषण वजनाच्या किलोमागे 5 ते 6 मायक्रोग्रॅम निघालं. सामान्य माणसापेक्षा हे कितीतरी जास्त, पण रोजच्या सेवनाची आंतरराष्ट्रीय मर्यादा 50 आहे. आणि जाड माणसाचंच म्हणाल, तर किलोमागे कातडी सडपातळ माणसाची जास्त भरते. हिशेब मेसेजच्या उलटाही जाऊ शकतो.

खरजेवरची 5 टक्क्यांची क्रीम म्हणजे हेच परमेथ्रिन. 30 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये दीड ग्रॅम, म्हणजे एक चौरस मीटर गणवेशात असतं त्याहून जास्त. डॉक्टर ती गळ्यापासून तळपायापर्यंत लावून रात्रभर ठेवायला सांगतात, दोन महिन्यांच्या बाळालासुद्धा. अर्थात क्रीम एकदोनदा लागते, गणवेश रोज चढतो. तेवढा फरक मान्य.

यवतमाळचं नाव मात्र यात ओढायला नको होतं. 2017 मध्ये तिथे फवारणी करताना शेतकरी दगावले, तेव्हा बोट दाखवलं गेलं ते प्रोफेनोफॉससारख्या कीटकनाशकांकडे. त्याच्या मिश्रणातलं सायपरमेथ्रिन परमेथ्रिनच्या भावकीतलं खरं, पण प्रोफेनोफॉसची जात वेगळी. शिवाय डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तोंडाला धड फडकं नसताना तो फवारा नाकातोंडात जायचा. कापडात मुरलेल्या औषधाशी त्याची बरोबरी कशी होणार?

भीती घालायचीच होती तर उन्हाची घालायची. गरमीत आणि जास्त तास अंगावर राहिला की गणवेशातून शोषण वाढतं, हे जवानांवरच्या अभ्यासांत दिसलंय. इथल्या 45 अंशांत असा कपडा कुणी घालत असेल, तर काम संपलं की उतरवावा, त्यातच झोपू नये. आतल्या कपड्यांना हे औषध लावूच नये. आणि घरी फवारणार असाल तर कपडा वाळेपर्यंत मांजर लांब ठेवा. तिच्या यकृताला परमेथ्रिन पचत नाही, जीवही जाऊ शकतो.