झोपेत पैसे येतात म्हणे!

एक मेसेज गेली काही वर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, गाभा तोच: ‘ऑनलाइन धंद्याला भांडवल लागत नाही. माल ठेवावा लागत नाही. एक पेज काढा, एखादी पोस्ट व्हायरल होऊ द्या, बाकीचं जाहिरात बघून घेते. तुम्ही झोपलात तरी खात्यात पैसे जमा होत राहतात.’ खाली बहुतेक वेळा कोर्सची लिंक. मी स्वतः लहानसं ऑनलाइन दुकान चालवते आणि महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला हाच मेसेज पाठवून विचारतं, ‘खरं का गं हे?’ म्हणून एकदाच सविस्तर.

‘भांडवल लागत नाही.’ जागेचं भाडं वाचतं, एवढं खरं. पण गिऱ्हाइकाने दिलेले पैसे मार्केटप्लेसकडून (म्हणजे अनेकांचा माल विकणाऱ्या साइटकडून) किंवा पेमेंट कंपनीकडून तुमच्या खात्यात यायला काही दिवस जातात आणि माल देणारा बहुधा आधीच पैसे मागतो. मधल्या दिवसांत पॅकिंग, कुरिअर, नवा माल हे सगळं आपल्या खिशातून चालवायचं. यालाच खेळतं भांडवल म्हणतात. गंमत अशी की ऑर्डर अचानक वाढल्या की ते जास्तच लागतं. नफ्यातला धंदाही इथे अडकू शकतो.

‘माल ठेवावा लागत नाही.’ म्हणजे ड्रॉपशिपिंग. ऑर्डर तुम्ही घ्यायची, माल परस्पर दुसऱ्याने पाठवायचा. वस्तू तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली नसते, पण शिवण उसवली की शिव्या तुम्हालाच. शिवाय तीच वस्तू, तेच फोटो लावून आणखी कितीतरी जण बसलेले असतात. मग उरतो फक्त भाव पाडण्याचा खेळ.

यावर झॅपोस या अमेरिकेतल्या ऑनलाइन बुटांच्या दुकानाचं उदाहरण तोंडावर फेकलं जातं. 1999 साली त्याचा संस्थापक निक स्विनमर्नने चपलाबुटांच्या दुकानांत जाऊन फोटो काढले, वेबसाइटवर लावले आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून जोडा विकत घेऊन पाठवला. गोष्ट खरी आहे. पण दुकानाच्या पूर्ण किमतीला घेतलेला जोडा विकून त्यात काय सुटणार? लोक पायात घालून न बघता बूट घेतील का, एवढंच त्याला तपासायचं होतं. चाचणी म्हणून युक्ती उत्तम. आपणही गोदाम भरण्याआधी असंच दहा अनोळखी माणसांना विकून बघावं. अनोळखीच हवीत, कारण नातेवाईक आपल्याला बरं वाटावं म्हणून घेतात.

‘बाकीचं जाहिरात बघून घेते.’ इथे माझी खरी तक्रार आहे. मेसेज लिहिणाऱ्याने एका ऑर्डरचा हिशेब कधी मांडलेला दिसत नाही. समजा, वस्तू शंभरला विकली. वस्तूचे 45, पॅकिंगचे 5, कुरिअरचे 15, पैसे स्वीकारण्याचं शुल्क 2. हातात 33. आता दहातली एक ऑर्डर परत आली असं धरा. वस्तू धड परत आली, तरी पॅकिंग आणि जाण्यायेण्याचं कुरिअर मिळून 35 पाण्यात. ते उरलेल्या नऊंवर पसरले की प्रत्येकीतले चारेक गेले. उरले 29.

आता जाहिरात. एका क्लिकला 1 पडतो आणि शंभर क्लिकांमागे दोघे विकत घेतात आणि परत पाठवत नाहीत असं समजू. म्हणजे एक गिऱ्हाईक 50 ला पडलं. प्रत्येक ऑर्डरमागे 21 चा खड्डा आणि ‘जाहिरात वाढवा’ हा सल्ला पाळला तर खड्डा आणखी खोल. याउलट तेच दोघे चार झाले तर गिऱ्हाईक 25 ला पडतं आणि चार सुटतात, तेही आपल्या मेहनतीचं मोल शून्य धरून. दोनाचे चार कशाने होतात? पान पटकन उघडण्याने, मापं स्पष्ट लिहिण्याने, कुरिअरचा खर्च शेवटच्या पायरीवर दचकवण्याऐवजी आधीच दाखवण्याने, माल परत घेण्याचा नियम साध्या भाषेत सांगण्याने. ही कंटाळवाणी कामं आहेत, म्हणून मेसेजमध्ये नसतात. आणि तेच गिऱ्हाईक जाहिरातीशिवाय दुसऱ्यांदा आलं, तर अख्खे 29 आपले. माझ्या दुकानाचा गाडा या दुसऱ्या ऑर्डरवर चालतो.

‘पोस्ट व्हायरल होऊ द्या.’ माझा एक व्हिडिओ एकदा असा धावला की फोन तापला. ऑर्डर आल्या चार. बघणाऱ्यांना व्हिडिओ आवडला होता, वस्तू त्यांना नको होती. मोठ्यांचंही हेच. पाळीव प्राण्यांचं सामान विकणाऱ्या पेट्स डॉट कॉमने जानेवारी 2000 मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात टीव्हीवर जाहिरात केली. त्या जाहिरातीतला मोज्याचा बाहुला अमेरिकेत घरोघरी पोहोचला. फेब्रुवारीत कंपनी शेअर बाजारात आली आणि नोव्हेंबरात दुकान बंद! खरेदीपेक्षा कमी भावाने विकायचं आणि वजनदार पिशव्या घरपोच पाठवायच्या, हा आतबट्ट्याचा व्यवहार बाहुल्याला कसा सावरता येणार?

‘एक पेज काढा.’ काढा की, पण ती जागा भाड्याची आहे हे विसरू नका. ऑर्कुट ही फेसबुकसारखी साइट 2014 मध्ये बंद झाली, तशीच गूगल प्लस 2019 मध्ये. चालू असलेली जागाही नियम बदलते. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना पुढे आणि पेजेसना मागे ढकलायचं ठरवलं. स्वतःच्या नावाची वेबसाइट आणि गिऱ्हाइकांनी आपणहून दिलेले ईमेल पत्ते एवढं तरी आपल्या मालकीचं असावं. आपणहून दिलेले म्हटलं, विकत घेतलेल्या याद्या नव्हेत. (‘गूगलवर पहिला नंबर, हमखास’ म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच सांगतं.)

‘झोपेतही पैसे.’ ऑर्डर झोपेत येते हो. सकाळी ती कुणीतरी बांधून पाठवायची असते.

राहता राहिली कोर्सची लिंक. मी एकदा तिथे विचारलं होतं, तुमचं स्वतःचं दुकान कुठे बघायला मिळेल? उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी कोर्सवर सवलत मात्र आली.