सात कोटी भरा, ग्रीन कार्ड घ्या?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पंधरा दिवस फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'एच-वन-बीच्या (तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसाच्या) रांगेत का सडता? सात कोटी भरा, अमेरिकेचं ग्रीन कार्ड घ्या. पैसा सरकारकडे सुरक्षित, पाच वर्षांनी व्याजासह परत. दहा जणांना नोकरी दाखवायची, त्यात आपलीच माणसं चालतात. भारतीयांना रांग नाही. कागदपत्रं नाममात्र.' मी सीए आहे. परदेशात पैसे पाठवायची कामं रोज हातून जातात, त्यामुळे 'खरंय का हो?' असं आतापर्यंत सहा जणांनी विचारलंय. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

योजना खरी आहे. नाव ईबी-५, मूळ १९९० च्या कायद्यातली. मार्च २०२२ मध्ये कायदा सुधारला तेव्हापासून ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागात किमान ८ लाख डॉलर आणि एरवी साडेदहा लाख लागतात. म्हणजे सात कोटी ही सुरुवात. प्रोजेक्टवाल्यांची फी, वकील, सरकारी फी हे सगळं वरचं. (ट्रम्प यांचं गोल्ड कार्ड निराळं. तिथे सरकारला १० लाख डॉलरची चक्क देणगी द्यायची. मेसेजवाल्याने दोन्हींची खिचडी केलेली दिसते.)

'सरकारकडे सुरक्षित' हे मात्र धादांत खोटं. पैसा जातो खासगी प्रकल्पात: हॉटेल, इमारत, कारखाना. आणि तो बुडू शकेल अशा रीतीनेच गुंतवलेला असावा, अशी कायद्याची अट आहे. कुणी करारात परतीची हमी लिहून दिली, तर त्या हमीपायीच अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातलं 'जे पीक' (Jay Peak) नावाच्या रिसॉर्टचं प्रकरण बघा. स्की रिसॉर्ट आणि आसपासच्या प्रकल्पांसाठी परदेशी गुंतवणूकदारांकडून ३५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम गोळा झाली, एप्रिल २०१६ मध्ये तिथल्या सेबीसारख्या संस्थेने, एसईसीने, फसवणुकीचा खटला भरला. बायोटेक कारखाना उभा राहिलाच नाही. देखरेख करणारं केंद्र खुद्द राज्य सरकार चालवत होतं, तरी हे झालं.

नोकऱ्यांचं बघू. दहा नोकऱ्या पूर्णवेळ हव्यात, म्हणजे आठवड्याला किमान ३५ तास. तुमची बायको, मुलं त्यात धरत नाहीत. एच-वन-बीवरचा भाचाही नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर चालेल. चालू पेट्रोल पंप विकत घेतला आणि तिथले सहा कामगार तसेच ठेवले, तर ते सहा मोजणीत येत नाहीत, कारण त्या नोकऱ्या आधीपासून होत्या. बहुतेक जण रीजनल सेंटरमार्फत, म्हणजे अनेकांचा पैसा एका प्रकल्पात लावणाऱ्या सरकारमान्य संस्थेमार्फत, जातात ते याचसाठी. तिथे अप्रत्यक्ष, म्हणजे प्रकल्पामुळे बाहेर इतरत्र तयार झालेल्या, नोकऱ्याही धरतात. शिवाय पहिलं कार्ड दोन वर्षांचं, सशर्त असतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दुसरा अर्ज करून पैसा खरंच लागला, नोकऱ्या झाल्या, हे दाखवावं लागतं.

'रांग नाही' हे अर्धसत्य. २०२२ पासून ग्रामीण भागासाठी २० टक्के, जास्त बेकारीसाठी १० आणि पायाभूत कामांसाठी २ टक्के व्हिसा राखीव आहेत, त्यातून ही समजूत आली. बिगर-राखीव गटात भारतात जन्मलेल्यांची रांग लागलेलीच आहे.

पण माणसं खरी अडकतात ती 'नाममात्र' कागदपत्रांत. परवा एक काका आले. तळेगावकडची वडिलोपार्जित जमीन विकलेली, मुलगी न्यू जर्सीत, तिच्यासाठी हे करायचं. फाइल उघडली: सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, खरेदीखत, इंडेक्स टू, सगळं व्यवस्थित लावलेलं. खरेदीखतात रक्कम होती चार कोटी दहा लाख. "उरलेले?" मी विचारलं. काकांनी चष्मा काढून पुसला. "अहो, आपल्याकडे सगळे अर्धे रोखच घेतात ना." ते खरंच. पण अमेरिकेला एकेका डॉलरचा माग हवा असतो: कुठून आला, कर भरला का, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेला. मुलीला बक्षीस दिले तरी बक्षीस देणाऱ्याचा पैसा कुठला, हे तपासतात. आजोबांच्या नावाची फेरफार नोंदसुद्धा भाषांतर करून जोडावी लागते.

बरं, पांढरा पैसा पुरेसा असला तरी तो एका दमात जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. ८ लाखांसाठी घरातले चौघे लागतात, नाहीतर दोघांनी थोडे मार्चमध्ये आणि थोडे एप्रिलमध्ये पाठवून दोन आर्थिक वर्षं गाठायची. गुंतवणुकीसाठी पाठवताना १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेने आधीच घेतलेला कर) कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर कोटभर रुपये अडकून पडतात. काकांनी हे ऐकलं, फाइलची नाडी बांधली आणि म्हणाले, "त्या मेसेजमध्ये असं काही नव्हतं हो."