सरकारी टिकटिक

मी कॉमर्सचा. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावाला हे पटत नाही. भारतातून आलेला, वर चष्मेवाला, म्हणजे अणुशास्त्रज्ञ नसला तरी त्याचा मावसभाऊ असणारच. त्यामुळे आमच्या अग्निशमन दलात सरकारी खोकं आलं तेव्हा चीफने ते सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. "हे तुझ्या लाइनीतलं."

माझ्या लाइनीत टॅक्स रिटर्न येतात. पण दलात सगळेच बिनपगारी (१७३६ साली बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात ही सवय लावली, ती इथे अजून सुटलेली नाही), तिथे नाही कसं म्हणायचं?

खोक्यात किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र होतं. ११ सप्टेंबर २००१ नंतर सरकारच्या ध्यानात आलं, की ऊर्जा खात्याकडे अशी जास्तीची यंत्रं धूळ खात पडली आहेत. ती तपासून-सुधारून गावोगावच्या बंबवाल्यांना फुकट द्यावीत. योजनेचं नाव होमलँड डिफेन्स इक्विपमेंट रियूज. मराठीत सांगायचं तर, थोरल्याचा शर्ट धाकट्याला.

तसं आमच्या तळघरात शीतयुद्धाच्या काळातलं एक पिवळं यंत्र होतंच. ते ताशी ५०० राँटजेनपर्यंत (राँटजेन म्हणजे किरणोत्सर्गाचं माप) मोजतं. तिथवर काटा गेला तर आकडा लिहून घ्यायला कोण थांबणार! नवीन यंत्र मात्र फारच हळवं. त्याच्या वायरीच्या टोकाला पुरीएवढी गोल चकती असते, तिला पॅनकेक म्हणतात. तिच्या तोंडावर अभ्रकाचा इतका पातळ पापुद्रा असतो, की बोट लावलं तर फाटतो. चीफने पहिल्याच दिवशी बोट पुढे केलं. मी किंचाळलो. दलात माझा आवाज चढलेला तो पहिलाच प्रसंग.

सरावासाठी यंत्र घरी आणलं. काही नसतानाही ते मिनिटाला पन्नासेक वेळा टिकटिकतं; जमिनीतून, आकाशातून येणारा हा रोजचाच किरणोत्सर्ग. हे आईला समजावलं. ती साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. म्हणाली, "बंद कर ते. सारखी पाल चुकचुकल्यासारखं वाटतं."

केळी तपासली, काही नाही. ओटा तपासला, काही नाही. मग गॅरेजमध्ये आधीच्या घरमालकाच्या कंदिलाचं एक जुनं पाकीट सापडलं आणि यंत्राला एकदम वाचा फुटली. मी चार पावलं मागे. आईने पाकीट उचलून उघडलंसुद्धा.

"अरे, हे तर गॅसबत्तीचं मँटल! गणपतीत तुझे आजोबा माझ्याकडूनच बांधून घ्यायचे."

"आई, यात किरणोत्सर्गी थोरियम असतं!"

"असेल. उजेड छान पडायचा."

खरी गोम पुढे होती. यंत्राच्या अंगावर एक चिठ्ठी होती, कॅलिब्रेशनची, म्हणजे ते बरोबर मोजतंय ना हे तपासल्याची, तारीख लिहिलेली. दरवर्षी ते तपासायला पाठवायचं, ते मात्र आपल्या खर्चाने. म्हैस फुकट मिळाली, पेंड आपली. दलाच्या वार्षिक न्याहारीतून पैसे काढायचं ठरलं. न्याहारीला पॅनकेक. म्हणजे पॅनकेक विकून पॅनकेक पोसायचा!

त्या शनिवारी पोरांना दाखवायला मी यंत्र टेबलावर मांडलं. सिरपची बाटली घ्यायला चीफ माझ्या अंगावरून वाकला आणि काटा थेट उजवीकडे जाऊन आपटला. मी यंत्राचा मोजायचा पट्टा बदलला, पुन्हा बदलला. चीफ मागे सरला की टिकटिक मंद, पुढे आला की ताशा. पोरांनी त्याला तीनदा पुढेमागे करायला लावलं.

मी वाचलेलं सगळं एका दमात आठवलं आणि मूर्खासारखं मोठ्याने विचारलं, "चीफ, काल हृदयाची तपासणी केली का? किरणोत्सर्गी टेक्निशियमचं इंजेक्शन देतात ती? सहा तासांत निम्मं होतं, घाबरायचं कारण नाही."

चीफ घाबरला नव्हता. तो माझ्या पाठीमागे बघत होता. तिथे उलथनं हातात घेऊन त्याची बायको उभी होती.

"काल तर तू मासे पकडायला गेला होतास ना?" ती म्हणाली.