तांब्याच्या लोट्यातलं सीरम

काल रात्री वहिनीचा फोन. "भावोजी, सीरम बनवलंय. फ्रिजमध्ये ठेवू की बाहेर?" सौंदर्यप्रसाधनांच्या लॅबमध्ये मी दिवसभर हेच बघतो, पण विचारायचं ते बनवून झाल्यावर!

तो फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल. व्हिटॅमिन सीच्या 500 मिलिग्रॅमच्या चार नारंगी गोळ्या कुटा, 100 मिली उकळत्या गुलाबपाण्यात विरघळवा, तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवा, महिनाभर चेहऱ्याला लावा. "व्हिटॅमिन सी 190 अंशांपर्यंत टिकतं, हे विज्ञान सांगतं. रंग बदलला नाही म्हणजे सीरम चांगलं. कंपन्या याच पाण्याचे हजारो रुपये घेतात."

190चा आकडा खोटा नाही, हीच पंचाईत आहे. कोरडी भुकटी तापवत नेली की ती साधारण 190 अंशांना वितळते आणि वितळता वितळताच तिचं विघटन होतं. घट्ट झाकणात कोरडी ठेवली तर ती खरंच दीर्घकाळ टिकते. पण डब्यातला पापड वर्षभर कुरकुरीत राहतो म्हणून आमटीत बुडवून ठेवाल का? पाण्यात विरघळलेलं व्हिटॅमिन सी हवेतल्या ऑक्सिजनमुळे साध्या खोलीतसुद्धा हळूहळू मोडतं. एका टप्प्यानंतर ते परत फिरत नाही. उष्णता त्या मोडण्याला घाई करते, एवढंच. म्हणून आम्ही नुसती भुकटी तापवून थांबत नाही. तयार सीरम, विकायच्याच बाटलीत, 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये महिनोन्‌महिने ठेवतो आणि दर काही आठवड्यांनी बाटली काढून आत किती व्हिटॅमिन सी शिल्लक आहे ते एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतो.

आता लोटा. हे वाचून मी खरंच कपाळाला हात लावला. व्हिटॅमिन सीचं ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारं हे मोडणं, झपाट्यानं करायचं असेल तर त्यात तांब्याचा अंश टाकावा, तेवढा पुरतो. बाटलीत असे धातूचे अंश मोकळे राहू नयेत म्हणून आम्ही मुद्दाम ईडीटीए, म्हणजे धातूला धरून ठेवणारं रसायन, घालतो, आणि इथे आख्खं भांडंच तांब्याचं! वहिनीला लोट्याचा फोटो पाठवायला सांगितलं. पाण्याच्या रेषेपर्यंत आतून लख्ख, चिंचेनं घासल्यासारखा. वरचा भाग काळपट तो काळपटच. ती म्हणाली, "बघा, कसा स्वच्छ झाला!" अहो, तो निघालेला थर सीरममध्येच गेला ना!

रंगाचं काय सांगू? खराब होताना हे द्रावण पिवळं, मग तपकिरी होतं. नारंगी रंग घातलेल्या गोळीत ते दिसणार कसं?

2001 साली 'डर्मॅटॉलॉजिक सर्जरी' या नियतकालिकात पिनेल आणि सहकाऱ्यांचा डुकराच्या त्वचेवरचा अभ्यास आला. त्वचेत शिरायला द्रावणाचा पीएच (जितका कमी तितकं द्रावण आम्ल) 3.5च्या खाली लागतो आणि व्हिटॅमिन सीचं प्रमाण 20 टक्क्यांच्या पुढे नेलं तरी फायदा वाढत नाही, असं त्यात दिसलं. चार गोळ्यांचे होतात जेमतेम 2 टक्के. त्यात चघळायच्या गोळीत बरेचदा सोडियम अॅस्कॉर्बेट, म्हणजे व्हिटॅमिन सीचा कमी आंबट क्षार, असतं, म्हणजे पीएच आणखी वर. शिवाय साखर आहे, प्रिझर्व्हेटिव्ह नाही. महिनाभरात त्यात काय वाढेल ते मी लिहीत नाही.

कंपन्या महाग विकतात, हे मात्र मान्य. दोन हजारांची बाटलीही उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत तपकिरी पडलेली मी पाहिली आहे.

वहिनीनं शेवटी ते मोरीत ओतलं. "मग उरलेल्या गोळ्यांचं काय करू?"

"चघळायच्या आहेत ना त्या?"