नुसतं इंजिनच तर बदलायचंय

टोयोटाची क्वालिस गाडी ज्यांनी वापरलीय त्यांना वेगळं सांगायला नको. २००० साली आली, पाचेक वर्षांत कंपनीने बंद करून इनोव्हा आणली, पण ज्यांच्या दारात होती त्यातल्या निम्म्यांनी ती विकायचं नाव काढलं नाही. २४४६ सीसीचं टूएल नावाचं डिझेल इंजिन, टर्बो नाही, सेन्सर-बिन्सर भानगड नाही, काय बिघडलं ते गाडीच आवाज करून सांगते. हे इंजिन ओव्हरलोड सहन करतं, भेसळीचं डिझेल सहन करतं, आमच्या आण्णांचं ड्रायव्हिंगसुद्धा सहन करतं, फक्त एक सहन करत नाही, तापणं. एकदा नीट तापलं की हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा गेलाच म्हणून समजा.

आमचं खंबाटकीत तापलं. मे महिना, पुण्याहून लग्न उरकून साताऱ्याला परत येत होतो, एसी फुल, आत माणसं किती ते पोलिसांना सांगता येणार नाही, टपावर भांडी, आणि अंताक्षरीत 'ण' आल्यावर भांडण चालू होतं त्यामुळे टेंपरेचरचा काटा लाल झालेला कुणाच्या बापाला दिसला नाही. आमच्या बापाला, म्हणजे आण्णांना, दिसला होता, पण त्यांच्या मते काटा खराब होता.

तसं इंजिन आधीपासूनच थकलेलं होतं. ऑईल पीत होतं, मागून निळा धूर सोडत होतं, सकाळी सकाळी स्टार्ट केली की वरच्या मजल्यावरच्या काकू खिडक्या लावायच्या. मिस्त्रीने ऑईलची टोपी काढली, तिथून चहाच्या टपरीसारखी वाफ यायला लागली, त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, बोअर गेलाय, हेड गेलंय, क्रँक उघडल्यावर बघू." मग दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे फुल इंजिन काम, म्हणजे बोअर, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेड नवीन, आणि लेथवाला देईल तेव्हा. लेथवाला कधी देईल हे लेथवाल्यालाही माहीत नसतं. दुसरा म्हणजे जपानचं उतरवलेलं इंजिन आणायचं. "तयार येतं. नुसतं इंजिन बदलायचं, संध्याकाळी गाडी रोडवर."

हे जपानी लोक चांगली इंजिनं टाकून का देतात असं मला नेहमी वाटायचं. तर तिथे नवीन गाडीची तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी असते, ती इतकी खर्चिक पडते की जुनी गाडी पास करत बसण्यापेक्षा माणूस नवीन घेतो. त्यात २००३ च्या ऑक्टोबरपासून टोकियो आणि शेजारच्या तीन प्रांतांनी नियमात न बसणाऱ्या डिझेल ट्रक-बसना सरळ बंदी घातली. त्याआधी टोकियोचे गव्हर्नर इशिहारा यांनी प्लास्टिकच्या बाटलीत डिझेलची काजळी भरून आणून पत्रकारांपुढे हलवून दाखवलेली. म्हणजे तिथे ज्याची काजळी बाटलीत भरून दाखवतात त्याचा मोठा भाऊ इथे "एकदम मख्खन" म्हणून विकला जातो. मला काही म्हणायचं नाही, मी गिऱ्हाईकच होतो.

मिस्त्रीला घेऊन कुर्ल्याला गेलो. तिथल्या गल्ल्यांमध्ये इंजिनं अशी रचलेली असतात की मधून चालताना शर्टाची बाही कुणाच्या तरी एक्झॉस्टला लागतेच. आमच्या दुकानदाराने एका टूएलवर हात ठेवला. "हायएस व्हॅन का है, साठ हजार चला है, जपान में रोड कैसा है मालूम ना आपको?" मला कसं मालूम असणार, मी साताऱ्याचा.

टायमिंग बेल्टच्या कव्हरवर एक छोटा स्टिकर होता. वर जपानीत काहीतरी लिहिलेलं, आणि खाली बॉलपेनने आकडा. आता जपानी मला येत नाही पण आकडे जगात सगळीकडे तेच, एक लाख दोन हजार काहीतरी लिहिलेलं होतं आणि शेवटी केएम. या इंजिनांचा बेल्ट लाखाला बदलतात हे मिस्त्रीनेच येताना एसटीत सांगितलेलं, म्हणजे कुठल्यातरी जपानी फिटरने बेल्ट बदलून इमानदारीत किलोमीटर लिहून ठेवले होते. मी बोट दाखवलं. दुकानदार वाकला, वाचलं, आणि पापणी न हलवता म्हणाला, "वो पार्ट नंबर है, साब."

"पार्ट नंबर पेनाने लिहितात?"

"जपान में सब हाथ से होता है."

याच्यावर काय बोलणार.

मग स्टार्ट करून दाखवायचा कार्यक्रम. इंजिन एका जुन्या टायरवर ठेवलं, बॅटरीच्या वायरी थेट सेल्फला लावल्या, पाण्याच्या बाटलीत डिझेल भरून एका पोराने ती सलाइन धरतात तशी वर धरली आणि सेल्फ मारला. जे काय धडधडलं! टायरवरून इंजिन इंचाइंचाने माझ्या दिशेने सरकायला लागलं, मी मागे, ते पुढे. मिस्त्री मात्र शांतपणे ऑईलच्या तोंडावर तळहात धरून उभा होता, डोळे मिटून, डॉक्टर सुद्धा एवढा वेळ नाडी बघत नाहीत. धूर अगदी कमी होता म्हणे. मिनिटभरात बंद केलं कारण "पानी नहीं है इसमें, जास्ती चलाएगा तो गरम होगा". मिस्त्री कानात म्हणाला, "लाखाचं असलं तरी घ्या, आपल्यापेक्षा लाखपट बरंय." वॉरंटी मिळाली ती टेस्टिंगची, म्हणजे गाडीत बसवून आठवडाभरात बोंबललं तर बदलून देणार, फक्त आणायचं-न्यायचं आपल्या खर्चाने.

टेम्पोने इंजिन साताऱ्यात आलं आणि त्यानंतर मिस्त्रीने पहिल्यांदा कॅलेंडरचं पान फाडून मागच्या बाजूला यादी लिहायला घेतली. मी घाबरायला तेव्हाच पाहिजे होतं.

हायएस ही व्हॅन, तिच्यात इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं, त्यामुळे खालचं ऑईल चेंबर वेगळं. ते क्वालिसला बसेना. मग जुन्या इंजिनाचं चेंबर काढून याला लावलं. फाउंडेशनची, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती, ब्रॅकेटं जुनी लावली, रबरं मात्र नवीन, "आता उघडलंच आहे तर". एसीचा कॉम्प्रेसर जिथे बसतो ती ब्रॅकेट जुळेना. मग कळलं की ती व्हॅन ऑटोमॅटिक होती, म्हणजे क्लचची जी जाड फ्लायव्हील लागते तिच्या जागी नुसता पत्रा. मग जुनी फ्लायव्हील, तिचं फेसिंग, क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग, आणि आता उघडलंच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, नवीन. रेडिएटर धुवून, नाही धुवून काय, नवीनच. टायमिंग बेल्ट नवीन, हीटर प्लग नवीन, ऑईल सील सगळी. "आता उघडलंच आहे तर" या चार शब्दांवर त्या मिस्त्रीने पुढे दुकानाला शटर बसवलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

संध्याकाळी रोडवर येणारी गाडी कुठल्या महिन्यातल्या संध्याकाळी येणार हे विचारायचं राहून गेलेलं. घरी रोज चौकशी. आण्णा गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसायला लागले, दोन्ही इंजिनांचे नट एकाच ट्रेमध्ये ठेवू नका वगैरे सूचना देत. आणि दाजी. आमचे दाजी दर रविवारी फोन करून म्हणायचे, "विकून टाका हो भंगारात. एवढ्यात सेकंडहँड इनोव्हा आली असती." मी म्हणायचो, "दाजी, तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे," आणि फोन ठेवून बायकोला म्हणायचो ते इथे लिहीत नाही.

शेवटी गाडी सुरू झाली. अर्ध्या सेल्फला. काकूंची खिडकी उघडी आणि गाडी चालू, हे दृश्य आमच्या बिल्डिंगमध्ये कित्येक वर्षांनी दिसलं.

पण इंजिन बदललं की नंबर बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की गाडीत असले बदल परस्पर करायचे नाहीत, आरसीवर नोंद पाहिजे. नशीब की टूएलच्या जागी टूएलच बसवलेलं, सीसी तेच, इंधन तेच. दुकानदाराचं बिल होतं, पण आरटीओतल्या साहेबांना मालाची बिल ऑफ एन्ट्री पाहिजे होती, म्हणजे हे इंजिन कस्टममधून रीतसर आलंय याचा कागद. परत कुर्ला. दुकानदाराने दिलेल्या झेरॉक्सची झेरॉक्स इतक्यांदा झालेली की त्यातला जपान दिसत नव्हता, पण कंटेनर दिसत होता, त्यावर भागलं.

मग इंजिन नंबरची प्रिंट. ब्लॉकवर कोरा कागद धरून वरून पेन्सिल घासायची, की नंबर उमटतो. हे चेसिसला सोपं आहे. इंजिनाचा नंबर मात्र अशा कोपऱ्यात की हात गेला तर डोळा जात नाही आणि डोळा गेला तर हात. मिस्त्रीच्या पोराने ग्रीस पुसून, आडवं होऊन एकदाची प्रिंट काढली. साहेबांनी चष्मा वर करून बघितली.

"हा आठ आहे का तीन?"

"आठ आहे साहेब."

"मला तीन वाटतोय."

पोरगं परत गाडीखाली. चौथा कागद साहेबांना पसंत पडला, त्यातही माझ्या मते तो तीनच दिसत होता, पण मी तोंड उघडलं नाही.

आता गाडी छान चालते. एसी अजून बंद आहे, ब्रॅकेट मिस्त्रीने वेल्डरकडे दिलीय आणि वेल्डर गावाला गेलाय. परवा दाजी आले, बॉनेट उघडायला लावलं, तो जपानी स्टिकर बघून खूश झाले आणि म्हणाले, "आता कुणी कितीही देऊ दे, विकायची नाही हां. ओरिजिनल जपान आहे." मग जरा थांबून, "गणपतीला कोकणात जायचंय आम्हाला. आमची माणसं जास्त आहेत. चार दिवस देता का?"

आण्णांनी मला विचारायच्या आतच चावी काढून दिली.