मुंबई-नागपूर दीड तास? घर ते घर मोजा एकदा

"नागपूर काय गं, विमानाने दीड तास" हे मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आज सगळा हिशोबच मांडते.

दोन्ही एअरपोर्टमधलं सरळ अंतर साधारण 690 किमी. (मुंबईहून हैदराबाद सव्वासहाशेच्या आसपास, म्हणजे आपल्याच राज्यातलं नागपूर हैदराबादपेक्षा लांब, हे लोकांना पटतच नाही.) वर गेल्यावर विमान ताशी 800 च्या आसपास पळतं, नुसता भागाकार केला तर पन्नास-बावन्न मिनिटं, पण चढता-उतरताना तो वेग नसतो, त्यामुळे हवेत तासाच्या वरच जातो. आणि तिकिटावरचा दीड तास म्हणजे इकडचं गेट सोडल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंत, ब्लॉक टाईम म्हणतात त्याला. मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच चालतो, मग रांग आलीच, आणि येताना वर घिरट्या. ते सगळं त्यातच धरलेलं असतं आणि कधीकधी त्यातही मावत नाही.

आता माझा दीड तास बघा. मी डोंबिवलीत. सव्वानऊची फ्लाईट असेल तर पावणेसहाला घर सोडते, लोकलने घाटकोपर, मेट्रोने मरोळ नाका, तिथे लाईन बदलून टी-2 म्हणजे विमानतळाचं टर्मिनल 2, बॅग असली की काउंटर तासभर आधी बंद म्हणून धावपळ, मग सिक्युरिटी, मग बसून राहा. पावणेअकराला सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर उतरायचं, बॅग, रिक्षा, आणि जरीपटक्याला बाबांच्या घरी पोचेपर्यंत पावणेबारा. सहा तास झाले.

मागच्या पावसाळ्यात बाबा बाथरूममध्ये पडले. फोन आला रात्री नऊला. शेवटचं विमान गाठणं शक्यच नव्हतं, कल्याणहून रात्रीची ट्रेन मिळाली, दुसऱ्या दिवशी अकराला मी त्यांच्याजवळ होते. सकाळचं विमान धरलं असतं तरी जवळपास तेवढेच वाजले असते. त्या रात्री मला कळलं की माझं माहेर दीड तासावर नाहीये.

म्हणून मला मनापासून वाटतं, वेळ वाचवायचा तर तो जमिनीवर वाचवा. नवी मुंबईचं विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झालं, पण आम्हा कल्याण-डोंबिवलीवाल्यांना तिथे पहाटे चार-पाचला थेट नेणारी गाडी मिळाली तरच त्याचा खरा उपयोग. हवेतली दहा मिनिटं कमी करून आमचं काही होत नाही. आणि ज्यांचे आईवडील एकटे राहतात त्यांनी तर नोकरी, फ्लॅट ठरवताना घराच्या दारापासून दारापर्यंतचेच तास मोजावेत, वेबसाईटवरचे नाही.

बाबा मला फ्लाईट किती वाजताची ते विचारतच नाहीत. पहाटे फोन येतो, "घरून निघाली का गं?" आणि मग ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने लिहितात, निघाली 5.45. खाली जागा सोडतात. मी चप्पल काढली की दुसरी वेळ लिहितात आणि मगच कुकर लावतात.